दमट हवेत टिकणारी शुभेच्छापत्रे आणि स्क्रॅपबुकची पाने

आत्याच्या पंचाहत्तरीला द्यायचे म्हणून मी पहिले स्क्रॅपबुक केले ते आषाढात, वेंगुर्ल्याच्या घराच्या पडवीत बसून. पाने काळ्या कार्डशीटची होती, चिकटवायला घरातला फेव्हिकॉल होता आणि फोटो थेट जुन्या अल्बममधून काढलेले होते. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले ते पुस्तक चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडले, तेव्हा समोरासमोरच्या दोन पानांवरचे फोटो एकमेकांना घट्ट चिकटले होते आणि ते सोडवताना आजोबांच्या चेहऱ्याचा अर्धा थर समोरच्या फोटोतल्या समुद्रावर जाऊन बसला. त्या फोटोची दुसरी प्रत नव्हती.

हाताने शुभेच्छापत्रे करायला शिकवणारे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेतल्या टेबलावर केलेले असतात, त्यामुळे त्यांत कात्री आणि रंगांविषयी भरपूर सांगितलेले असते आणि हवेविषयी एक शब्दही नसतो. पालघरपासून बांद्यापर्यंत कुठेही राहणाऱ्या माणसाला मात्र कागद, गोंद, शाई आणि फोटो यांतला प्रत्येक निर्णय दमटपणा धरूनच घ्यावा लागतो. पुढची सगळी कृती त्याच हिशेबाने लिहिली आहे.

ओले काम आणि कोरडे काम

हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका सुरू होतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर ती बहुधा 80 च्या वरच असते. म्हणून मी कामाचे दोन भाग करते. गोंद लावणे, जलरंग देणे, फुले दाबणे, पाने शिवणे हे ओले किंवा वेळखाऊ काम दिवाळीनंतर सुरू करून वैशाख संपण्यापूर्वी उरकावे. पावसाळ्यात फक्त मजकूर लिहिणे, कोपऱ्यांत फोटो अडकवणे आणि दोरा बांधणे एवढेच कोरडे काम ठेवावे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना द्यायची पत्रे श्रावणात सुचतात हे खरे, पण त्यांचे कोरे साचे मे महिन्यात तयार करून डब्यात ठेवलेले असले तर श्रावणातल्या एका दुपारी वीस पत्रे सहज लिहून होतात.

डबा म्हणजे लाडू-चकल्यांचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात तळाला सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले तर ते ओलसर झाल्याचे दिसते: निळे असेल तर गुलाबी होते, नारिंगी असेल तर हिरवट होते. ते कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. मात्र निळ्या प्रकारात कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नये. डांबरगोळ्या डब्यात टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण त्यांची वाफ फोटो आणि प्लास्टिकच्या पाकिटांना सोसत नाही, शिवाय पत्र उघडणाऱ्याला शुभेच्छांआधी डांबरगोळीचा वास येतो.

कागद आणि त्याचा धागा

पत्राच्या बाहेरच्या भागासाठी 250 ते 300 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन असलेला) कागद घ्यावा आणि आत मजकुरासाठी 100 ते 120 जीएसएमचे पान वेगळे लावावे. रोजचा झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद दमट हवेत लगेच लोळागोळा होतो. वर्तमानपत्राचे कात्रण मूळ स्वरूपात लावायचा मोह टाळावा, कारण त्या कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, तो पिवळा पडतो आणि शेजारच्या कागदालाही डागाळतो. कात्रणाची चांगल्या कागदावर रंगीत झेरॉक्स काढून लावली की काम भागते.

यापुढची गोष्ट दुकानदार सांगत नाही. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. त्या दिशेला मी धागा म्हणते. धाग्याच्या बाजूने घातलेली घडी सरळ व गुळगुळीत बसते, आणि धाग्याला आडवी घातलेली घडी तडकते, तिच्या काठावर पांढरे तुसे दिसू लागतात. धागा ओळखायला कागद हातात धरून न मोडता एकदा उभा आणि एकदा आडवा हलकेच वाकवावा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, त्या वाकण्याच्या रेषेला समांतर धागा असतो.

ए फोर आकाराच्या कागदात (210 × 297 मिलिमीटर) धागा बहुधा लांबीला समांतर असतो. पूर्ण ए फोर मध्यावर दुमडून मोठे पत्र करायला गेले की घडी धाग्याला आडवी जाते आणि जाड कागद हमखास तडकतो. तोच कागद आधी लांबीच्या मध्यावर कापून 210 × 148 मिलिमीटरचे दोन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा 105 मिलिमीटरवर दुमडला, तर घडी धाग्याच्या बाजूने येते आणि एका कागदात दोन नेटकी पत्रे होतात. मी कितीतरी वर्षे मोठी पत्रे करत होते आणि घडी तडकली की कागदाला दोष देत होते.

घडी घालण्यापूर्वी तिची रेघ दाबून घ्यावी. त्यासाठी शाई संपलेले बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. कागदाखाली जुने मासिक ठेवावे, पट्टी घट्ट धरावी आणि एकदाच जोर देण्यापेक्षा हलक्या हाताने दोन-तीनदा रेघ ओढावी. कागदाला एका बाजूने चर आणि दुसऱ्या बाजूने उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत राहील अशा बेताने दुमडावे. शेवटी चमच्याच्या पाठीने घडी घासावी, मात्र मध्ये बटर पेपर ठेवावा, नाहीतर कागदावर चकाकी येते.

गोंद

दमट हवेत सर्वांत जास्त बिघाड गोंद करतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाण्यात असतो. तो लावला की कागद फुगतो, सुकताना आखडतो आणि पत्र होडीसारखे वळते. तो वापरायचाच असेल तर बशीत काढून सपाट ब्रशने अगदी पातळ थर द्यावा, मधूनच ठिपके टाकू नयेत, आणि पत्र लगेच दोन पाटांमध्ये ठेवून वर तांदळाचा डबा ठेवावा. पाट आणि पत्र यांच्यामध्ये कोरा कागद असावा आणि तो पहिल्या तासाने व नंतर रात्री बदलावा, कारण पत्रातले पाणी त्या कागदात उतरते. तो बदलला नाही तर ते पाणी तिथेच कोंडते. पुरते सुकायला चोवीस तास द्यावेत.

पिठाची किंवा चिंचोक्याची खळ घरात करता येते आणि तिची पकड उत्तम असते, पण ती कसरीची मेजवानी आहे. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्यामुळे, विशेषतः मुले सोबत बसणार असतील तर, मी तो मार्ग घेत नाही. छोट्या तुकड्यांसाठी ग्लू स्टिक, आणि थरांमध्ये उंची आणायची असेल तर आंब्याच्या पेटीचा नालीदार पुठ्ठा, हे मला सर्वांत सोपे वाटते. त्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओल्या फडक्याने हलकेच भिजवून सोलला की आतल्या नाल्या उघड्या पडतात आणि समुद्राच्या लाटा किंवा कौलांचे छप्पर दाखवायला तो तयार मिळतो. सोललेला तुकडा उन्हात एक दिवस वाळवून मगच वापरावा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी असली तरी स्वस्त टेपचा डिंक उन्हाळ्यात कडेने पाझरतो आणि त्यावर धूळ बसते.

फुले, पाने, शिंपले

कोकणातल्या अंगणात पत्राला लावण्याजोगे इतके असते की दुकानातले चकाकते स्टिकर आणायची गरज पडू नये, पण प्रत्येक फूल दाबण्यालायक नसते. अबोली आणि नेचे पातळ असल्याने लवकर आणि सपाट सुकतात. जास्वंदीचा रंग कागदावर उतरतो. सोनचाफा दाबला की काळपट पडतो, त्याच्या वाट्याला जाऊच नये. बकुळीची आणि सुरंगीची फुले सुकल्यावरही वास धरून ठेवतात, म्हणून ती चिकटवण्याऐवजी बटर पेपरच्या छोट्या पाकिटात घालून पत्राच्या आत ठेवावीत. पाकीट उघडल्याबरोबर घर आठवते, असे मला मुंबईहून एकदा कळवण्यात आले होते.

दाबण्यासाठी फुले दव उडाल्यावर, साधारण दहा वाजता खुडावीत, शोषक कागदाच्या दोन पानांत एकमेकांना न टेकता मांडावीत आणि पहिले तीन दिवस कागद रोज बदलावा. त्यानंतर आठवडाभर हात लावू नये. पावसाळ्यात फार निकड असेल तर वाफ बंद केलेली, अगदी कोमट इस्त्री कागदावरून काही सेकंद टेकवून उचलावी आणि हे पाच-सहा वेळा करावे. उन्हात फूल ठेवू नये, रंग उडतो.

पिंपळाचे जाळीदार पान हा मात्र सगळ्या खटाटोपाला पुरून उरणारा प्रकार आहे. झाडाखाली पडलेले पण न फाटलेले पान जुन्या पातेल्यात पाण्यात बुडवून परसात ठेवावे आणि पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे. तीन ते चार आठवड्यांत हिरवा गर कुजून सुटतो. त्या काळात पातेल्याला भयंकर वास येतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. नंतर पान पसरट ताटलीत पाण्याखाली ठेवून मऊ टूथब्रशने, देठाकडून टोकाकडे, थापटल्यासारखे करत गर काढावा. घासले की जाळी फाटते. हाताशी चार पाने असतील तर एक चांगले निघते, असा माझा हिशेब आहे.

शिंपले आणि वाळू लावण्यापूर्वी गोड्या पाण्यात निदान तीनदा धुवून उन्हात वाळवावेत. मिठाचा अंश राहिला तर तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि शिंपल्याखालचा कागद कायम ओलसर राहतो. स्टेपलरच्या पिना आणि लोखंडी टाचण्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात. त्यांच्या जागी सुती दोरा वापरावा. काथ्या दिसतो सुंदर, पण ओल लागली की त्याचा तपकिरी रंग कागदावर उतरतो.

सावंतवाडीच्या गंजिफेची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, गोल पाने आणि पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, पाहून पत्रावर काय काढावे याची कल्पना सुचते. दशावतारी गंजिफेत 10 अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120 पाने असतात. ज्याला पत्र द्यायचे त्याच्या आवडत्या अवताराचे एकच चिन्ह, मत्स्य किंवा कूर्म, गोल चौकटीत काढले तरी पत्र आपल्या मुलखाचे होते. हुबेहूब नक्कल मी करत नाही. तसे काम हवे असेल तर कारागिराकडून एखादे पान विकत घेऊन ते पत्रात कोपऱ्यांनी अडकवावे.

अक्षर आणि मजकूर

इंग्रजी अक्षरे खालच्या रेघेवर उभी असतात, आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. म्हणून पेन्सिलीची मुख्य रेघ अक्षराच्या वर आखावी. ‘शुभेच्छा’ हा एकच शब्द घ्या. ‘शु’चा उकार खाली जातो, ‘भे’ची मात्रा वर जाते, आणि ‘च्छा’ला आडवी जागा इतर अक्षरांच्या जवळजवळ दीडपट लागते. अक्षराची उंची 12 मिलिमीटर ठेवली तर वर आणि खाली प्रत्येकी 6 मिलिमीटर मोकळे सोडावेत, शब्द आधी रद्दी कागदावर त्याच मापात लिहून त्याची लांबी मोजावी आणि मगच पत्रावर त्याचा मध्य धरावा. अक्षरे सगळी झाल्यावर शिरोरेषा शेवटी, एका हातात ओढावी. जेल पेनची शाई दमट बोटाने पसरते. पाण्याने न जाणारी पिगमेंट शाईची पेने घ्यावीत.

मजकुराबाबत माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. वडीलधाऱ्यांना ‘ती. आत्यास शि. सा. नमस्कार’ आणि धाकट्यांना ‘चि.’ व ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ असे लिहिले की पुढचे वाक्य आपोआप खरे येते. छापील कविता उतरवण्यापेक्षा त्या माणसाशी संबंधित एखादी घटना दोन ओळींत लिहावी. दूर असलेल्या चुलतभावाला गेल्या वर्षी मी आत एवढेच लिहिले होते: ‘गणपती इले, तू कधी येतलंस?’ तो आला. वयस्कर माणसांसाठी अक्षर मोठे आणि शाई काळी ठेवावी, सोनेरी शाई त्यांना वाचता येत नाही. मंगल प्रसंगी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचे असेल तर कोरडे बोट टेकवून जास्तीचे झटकावे आणि वर बटर पेपरची पट्टी ठेवावी, नाहीतर लिफाफ्यात ते मजकुरावर पसरते. सांत्वनाच्या पत्राला सजावट करू नये. पांढरा जाड कागद आणि हाताने लिहिलेल्या चार ओळी पुरतात.

स्क्रॅपबुकची पाने

बाहेरच्या पुस्तकांत 12 इंची चौरस पान सांगतात. आपल्याकडे मिळणारी कार्डशीट साधारण 22 × 28 इंचांची असते आणि तिच्यात 12 इंची पाने दोनच बसतात, बाकी कागद वाया जातो. पान 11 इंची केले तर एका शीटमध्ये चार पाने बसतात आणि 6 इंच रुंदीची पट्टी उरते. ती पट्टी टाकू नये, कारण पुस्तकाचा कणा तिच्यावर उभा राहतो. फोटो, फुले, पाकिटे लावलेली पाने एकत्र शिवली की पुस्तकाची मोकळी बाजू फुगते, शिवलेली बाजू मात्र सपाटच राहते आणि पुस्तक आ वासून बसते. उरलेल्या तुकड्याच्या एक इंच रुंदीच्या सहा पट्ट्या कापून प्रत्येकीचे मध्यावर दोन भाग केले की 11 इंची बारा पट्ट्या मिळतात. प्रत्येक पानाच्या शिवणीच्या कडेला जाडीप्रमाणे एक, दोन किंवा तीन पट्ट्या चिकटवाव्यात. पान सजवून झाल्यावर त्याची जाडी बोटाने चाचपावी आणि मगच पट्ट्या किती हे ठरवावे.

मूळ फोटो कधीही चिकटवू नये. त्याचे स्कॅन करून फोटो स्टुडिओतून मॅट पृष्ठभागाची प्रत काढावी. घरच्या इंकजेट प्रिंटरच्या शाईला दमट हवा सोसत नाही, आणि चकचकीत पृष्ठभाग समोरच्या फोटोला लवकर चिकटतो. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवावा. कोपरा करायला 4 सेंटिमीटर लांब आणि 2 सेंटिमीटर रुंद पट्टी आडवी धरून तिची वरची दोन्ही टोके खालच्या काठाच्या मध्याशी आणून दुमडावीत. जो त्रिकोण होतो त्याच्या मागच्या दोन पाळ्यांना गोंद लावून तो पानावर बसवावा आणि गोंद सुकल्यावर, निदान दुसऱ्या दिवशी, फोटोचा कोपरा त्यात सरकवावा. असा फोटो कधीही काढून त्याला सावलीत वारा देता येतो. प्रत्येक दोन पानांमध्ये बटर पेपरचे पान शिवावे. आत्याच्या पुस्तकात मी नेमके तेच केले नव्हते.

एका पानावर दोन, फार तर तीन फोटो. त्यांतला एक मोठा असावा आणि बाकीचे त्याच्या बाजूने बोलणारे. शिवणीकडे दीड इंच जागा रिकामी सोडावी. फोटोखाली केवळ ‘सुंदर क्षण’ असे लिहू नये. डावीकडून उजवीकडे माणसांची नावे, वर्ष आणि जागा लिहावी: ‘1984, शिमगा, पालखी दारात’. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मांडणी करण्यापूर्वी फोटो दाखवावेत, कारण मागच्या रांगेतली माणसे फक्त त्यांनाच ओळखता येतात आणि नावांबरोबर अशा गोष्टी निघतात ज्या पानाच्या निम्म्या भागाला पुरतात. मी त्या वेळी बोललेले वाक्य जसेच्या तसे टिपून घेते.

पाने जुळवून झाली की कडेपासून अर्ध्या इंचावर पाच भोके दाभणाने पाडावीत, मेणबत्तीवर ओढून मेण लावलेल्या जाड सुती दोऱ्याने मधल्या भोकातून सुरुवात करून शिवावे आणि गाठ पुन्हा मध्येच, मागच्या बाजूला मारावी. शिवण फार ताणू नये.

पोहोचवणे

छोट्या पत्राचा लिफाफा 21 सेंटिमीटरच्या चौरस कागदाचा होतो. चौरस कोनावर उभा धरावा, पत्र मध्ये आडवे ठेवावे, चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर सैल सोडून टोके दुमडावीत, आधी डावी-उजवी, मग खालची. पावसाळ्यात टपालाने पाठवताना पत्र आधी पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालावे आणि पत्ता पाण्याने न जाणाऱ्या शाईने, सहा आकडी पिनकोडसह लिहावा. शिंपला किंवा बटण लावलेले पत्र साध्या लिफाफ्यात घालू नये, शिक्का बसताना ते फुटते. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पार्सल करावे.

स्क्रॅपबुक मात्र मी हातानेच देते आणि सोबत एक कागद ठेवते: पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नये, पत्र्याच्या पेटीत कोंडू नये, दसऱ्यानंतरच्या पहिल्या कोरड्या दुपारी पाने उलगडून सावलीत तासभर वारा द्यावा. शेवटची तीन पाने कोरी सोडलेली असतात आणि मागच्या पाकिटात दोन सुया, मेण लावलेला दोरा व बारा कागदी कोपरे असतात. आत्याच्या दुसऱ्या पुस्तकातले आता चारच उरले आहेत.